बिनझिलईची तार

कोल्हापूरच्या गुजरीतल्या चांदीच्या दुकानात एखादी मुलगी एकटीच शिरली, की दुकानदार एकच विचारतो. पैंजण दाखवू, का जोडवी? आणि 'जोडवी' म्हणताना तो मुलीच्या तोंडाकडे बघत मिशीतल्या मिशीत हसतो.

विद्याश्री पट्टणशेट्टीला यातलं काहीच नको होतं. तिनं ओली छत्री दाराशी टेकवली, ओढणीनं चष्मा पुसला आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"तार पाहिजे काका. चांदीची. चोख. केसाएवढी बारीक."

"तार?" दुकानदार बाळासोंनी मान वर केली. "नथीला व्हय?"

"न्हाय. मेंदूला."

पैंजण निवडत बसलेल्या दोन बायका एकदम मागं वळल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. गल्ल्याच्या पलीकडं एक सावळा, रुंद खांद्यांचा तरुण कापडी गाठोडं सोडून बसला होता. आत्ता क्षणभरापूर्वीच तो बाळासोंशी मजुरीवरून भांडत होता, आणि त्याचा आवाज महाद्वारापर्यंत पोचत असणार. "आवं, गेल्या टायमाला बी असंच केलासा की! आता न्हाय ऐकणार मी!" असं काहीसं चाललं होतं. आता मात्र तो उठून उभा राहिला, शर्टाची बाही सारखी केली, घसा खाकरला आणि म्हणाला,

"आपल्याला कोणत्या जाडीची तार हवी आहे?"

विद्याश्रीनं मागं वळून बघितलं. हे दुसरंच कुणी बोललं की काय, असं तिला वाटलं. पण मागं कुणी नव्हतं. तोच होता, आणि रेडिओवर बातम्या द्यायला बसल्यासारखा ताठ उभा होता.

"मी हुपरीचा. शिवकुमार," तो म्हणाला. "आमचा चांदीचा कारखाना आहे. आपली तार मी स्वतः ओढून आणून देईन."

"गुरुवारपर्यंत मिळंल?"

"मिळेल. अवश्य मिळेल."

'अवश्य' हा शब्द गुजरीत त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला. बाळासोंनी चष्म्यावरून त्याच्याकडं असं काही बघितलं, की शिवकुमारनं घाईघाईनं पैंजण मोजायला घेतले. आणि ते मोजताना तो तीनदा चुकला.

साल दोन हजार नऊ. विद्याश्री मूळची पेठ वडगावची. बाप भुसार मालाचा व्यापारी, आणि मुलगी विद्यापीठात पदार्थविज्ञानाची पीएच.डी. करणारी. आदल्या वर्षी जगभर एका इवल्याशा पुर्ज्याची बातमी गाजली होती. मेमरिस्टर. आपल्यातून किती वीज गेली, हे लक्षात ठेवणारा पुर्जा. विद्याश्रीनं ठरवलं, की आपण असलाच पुर्जा करायचा, पण महागड्या धातूंचा नाही, तर प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचा. असे पुर्जे जोडत गेलं, की मेंदूसारखं शिकणारं सर्किट होतं. ते तिला स्वतःच्या हातानं करायचं होतं, कोल्हापुरात बसून करायचं होतं, आणि ते होणार याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. शंका बाकीच्यांना होती.

गुरुवारी शिवकुमार प्रयोगशाळेत हजर. शर्टाला कडक इस्त्री, केसांना तेल, हातात जांभळ्या कागदाची पुडी. पुडी उघडली आणि विद्याश्रीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. तार नुसती लखलखत होती.

"आवडली?" त्यानं विचारलं.

"आवडली की. बसा. कशाला पाहिजे ते बघून जावा."

कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात. विद्याश्रीही म्हणायची, आणि पीएच.डी.ला बसली म्हणून तिनं ते सोडलं नव्हतं.

"मी सांगतो बगा," ती म्हणाली आणि तिनं काचेची एक पट्टी चिमट्यात धरून उजेडात नेली. पट्टीवर हिरवट रंगाचा पातळसा थर होता. "हे पॉलीअॅनिलीन. करंट जाऊ देणारं प्लॅस्टिकच म्हणा. त्याच्यावर हा पांढरा चिकट पट्टा, आणि त्या पट्ट्यात तुमची तार. आता करंट दिला, की पहिल्यांदा तो अडखळत जातो. मनच न्हाय त्याचं. पण परत दिला, परत दिला, की हळूहळू वाढत जातो. बांधावरनं पायवाट कशी पडती? कुणी मुद्दाम पाडत न्हाय. माणसं जात राहत्यात आणि ती पडत राहती. तसंच."

"आणि वीज बंद केली तर?"

"तर वाट लक्षात राहती. तीच तर गंमत हाय."

"म्हणजे… याला ओळख पटायला वेळ लागतो."

"व्हय. पण पटली की लवकर इसरत न्हाय."

"कायमचंच नाही विसरत?"

"तसं न्हाय. लई दिवस करंटच दिला न्हाय, तर फिकं पडतं जरा."

शिवकुमार पट्टीकडं बघत होता. मग त्यानं पट्टीवरची नजर उचलली. "म्हणजे भेटत राहिलं पाहिजे," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला हुस्नाच्या हातातली बाटली खाली ठेवायची राहिली. हुस्ना विद्याश्रीची जोडीदारीण. दोघींचं टेबल एक, डबा एक आणि गाईडही एक. तो गेल्यावर ती म्हणाली, "तार चांगली हाय गं. लांबच लांब जाणार दिसती."

"गप बस."

तेव्हापासून गुरुवार त्याचा झाला. गुजरीत माल द्यायचा आणि हुपरीला परतताना विद्यापीठात डोकवायचं. वाटेवरच आहे, असं त्याचं म्हणणं. विद्यापीठ वाटेवर होतं हे खरं. पण वाटेवरच्या ठिकाणी कुणी तासभर बसत नाही, आणि तार संपली नसताना तार घेऊन येत नाही. श्रावणाच्या सरी खिडकीवर यायच्या-जायच्या, तो स्टुलावर बसून मीटरचे आकडे वाचून दाखवायचा, ती लिहून घ्यायची. आकडेसुद्धा तो कसा वाचायचा… "शून्य पूर्णांक सहा." एखाद्या गुरुवारी त्याचा फोन वाजायचा, आणि तो व्हरांड्यात जाऊन ओरडायचा, "आरं भट्टी इजीव की म्हणलं तेवढी!" मग आत येऊन, "क्षमा करा, कारखान्यातून फोन होता." विद्याश्री वहीत डोकं खुपसून हसू दाबायची. तिला तो व्हरांड्यातला शिवकुमार जास्त आवडायचा. पण आत येणारा भलताच, आणि त्याला हे सांगावं कसं?

सगळं गोडीगुलाबीत चाललं असतं, पण पुर्जाच बिघडला.

म्हणजे तसा तो धड कधी चाललाच नव्हता. आलेख कसा यायला हवा, तर जाताना एका वाटेनं, येताना दुसऱ्या, आणि मध्ये शून्यावर दोन्ही वाटांची गाठ. इथं एका पट्टीला गाठ बसायची, दुसरीला बसायची नाही. तिसऱ्या पट्टीत करंट चढायच्या ऐवजी घसरायचा. नवी तार लावली की नवीच तऱ्हा. तिनं प्लॅस्टिक बदललं, पट्टा बदलला, काच बदलली. तार प्रत्येक वेळी ऍसिटोननं पुसली, जशी प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू पुसतात. काही म्हणता काही फरक पडेना.

गाईड सर एकदा टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते रागवायचे नाहीत, तेच वाईट होतं.

"विद्याश्री, दिवाळीच्या आधी कमिटी बसतेय. तीन पट्ट्या, तिन्हींत एकसारखा आलेख. आला तर हा विषय तुझा. नाही आला तर गॅस सेन्सरवर ये. तिथं जागा आहे."

गॅस सेन्सरवर निम्मं डिपार्टमेंट होतं. जागा होती ती त्या गर्दीत होती.

"येणार सर," ती म्हणाली. "आलेखच येणार."

पण तिनं डबा उघडला नाही. हुस्ना थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "हे बघ. विषय गेला तर तार गेली. तार गेली तर गुरुवार गेला. तू तोंड कशापायी पाडलंयस ते खरं सांग."

"दोन्हीपायी," विद्याश्री म्हणाली. लपवाछपवी तिला जमत नसे.

शिवकुमारला तिनं अडचण सांगितली. तो कळवळला. पुढच्या गुरुवारी त्यानं आणलेली तार आधीच्यापेक्षा उजळ होती, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारची तर आरशासारखी. त्याच्या हातात तेवढंच होतं, आणि ते तो जीव तोडून करत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती वडगावला गेली. आई दानम्मा न्हाणीपाशी बसून देवाची चांदी घासत होती. निरांजनं, ताम्हण, अप्पांची लिंगाची डबी. बादलीत फेसच फेस. विद्याश्रीनं सहज बादलीत हात घातला. हात बुळबुळीत झाला.

"रिठा हाय," आई म्हणाली. "हुपरीच्या चांदीला ह्योच लागतोय. तिकडनं येतानाच रिठ्यात न्हाऊन येती ती."

विद्याश्रीचा हात बादलीतच राहिला.

"अव्वा, परत म्हण."

"काय परत म्हणू? रिठा म्हणलं. का गं, अशी का उभी राहिलीस?"

दसरा कसाबसा पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा विद्याश्री आधीपासून पायरीवर बसली होती. तिनं परीक्षानळीत नुसतं शुद्ध पाणी घेतलं, त्यात त्या आरशासारख्या तारेचा तुकडा टाकला आणि नळी खळाखळा हलवली.

वर फेसाचं पांढरं वर्तुळ आलं.

"या अल्ला!" हुस्ना म्हणाली. "ही तर न्हाऊन-माखून आलीया!"

ऍसिटोननं रिठा जात नाही, तो जातो साध्या पाण्यानं. आणि प्रयोगशाळेत चांदीची तार साध्या पाण्यानं धुवायची बुद्धी कुणाला होणार? विद्याश्रीनं तिथल्या तिथं फोन लावला.

"शिवकुमार, तार मला द्यायच्या आधी तिला काय करता तुम्ही?"

"झिलई करतो," तो अभिमानानं म्हणाला. "रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशाने घासतो. चकाकीवाचून माल हुपरीबाहेर जात नाही. आणि आपली तार असेल तर मी दोन-दोन, तीन-तीनदा…"

"पितळी ब्रश! आवं, म्हंजे पितळ बी हाय तिच्यावर! चार महिने माझं मीटर यड्यागत करतंय, ते तुमच्या झिलईपायी! तुम्हीच खेळखंडोबा केलासा की सगळा!"

ती हसत होती. कोडं सुटल्याच्या आनंदात ती ओरडत होती. पण फोनमधून फक्त ओरडणं पोचतं, चेहरा पोचत नाही.

"क्षमा करा," तो म्हणाला. फोन बंद झाला.

त्या गुरुवारी तो आला नाही. फोन उचलला नाही. स्टूल रिकामं राहिलं, आणि मीटरचे आकडे हुस्नानं वाचले. हुस्ना चांगलं वाचायची, पण 'शून्य पूर्णांक' म्हणायची नाही. विद्याश्रीला त्या 'पूर्णांका'ची इतकी आठवण येईल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. शनिवारी तिनं चप्पल घातली आणि हुपरीची गाडी पकडली.

हुपरीत पत्ता विचारावा लागत नाही. प्रत्येक आळीतून टकटक ऐकू येते, आणि उंबऱ्याउंबऱ्यावर बायका पैंजणांच्या कड्या जोडत बसलेल्या असतात. अशाच एका उंबऱ्यावर शिवकुमारची चुलती, धोंडुबाई, बसली होती.

"कोण पावणं?"

"मी विद्यापीठातनं आलोय. तारेचं काम होतं."

धोंडुबाईनं हातातला चिमटा खाली ठेवला आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "आगं बया! तारवाली व्हय तू! ये, ये, बस. पोरी, तुझ्यापायी चार महिनं झालं आमास्नी घरात बोलायची चोरी झालीया. 'काकू, हाय म्हणू नका, आहे म्हणा.' आरशाम्होरं हुबा राहून पुस्तकागत बोलतंय ते. आन् आता चार दिवस झालं, ते बी बंद. गपगार हाय."

विद्याश्रीला आधी हसू आलं. मग हसू थांबलं. तो तारेलाच नाही, बोलण्यालाही रोज घासत होता. तिच्यासाठी.

आत शिवकुमार भट्टीपाशी कामगारावर खेकसत होता, "आरं त्ये न्हवं, त्याच्या बाजूचं!" त्यानं मान वळवली, विद्याश्रीला बघितलं आणि बाही सारखी केली.

"आपण? इथे?"

"तार न्यायला आलो," विद्याश्री म्हणाली. "पोलादी पट्टीच्या भोकातनं निघती तशीच पाहिजे. रिठा न्हाय, ब्रश न्हाय."

"तशी कशी देऊ? काळपट दिसते ती. कुणी हातात धरणार नाही."

"मी धरतो."

तो बघत राहिला. मग त्यानं तार ओढायला घेतली. एका भोकातून, त्याच्याहून बारीक भोकातून, त्याच्याहून बारीक. जांभळा कागद त्यानं काढला, परत ठेवला, आणि तार वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिली.

"माझ्यामुळे आपले चार महिने…"

"गेलेत, व्हय," ती म्हणाली. "आता बुधवारी कमिटी हाय. त्या दिवशी यायचं. न्हाय आलासा, तर मी परत हितं येतो आणि काकूंच्या शेजारी कड्या जोडत बसतो. सांगून ठेवतो."

उंबऱ्यावरून धोंडुबाई म्हणाली, "आजच बस की!"

बुधवारी टेबलाभोवती सर होते, विभागाचे दोन प्राध्यापक होते आणि पुण्याहून आलेल्या एक कडक बाई होत्या. विद्याश्रीनं पहिली पट्टी लावली. करंट अडखळत निघाला, परत पाठवला तेव्हा थोडा वाढला, परत पाठवला तेव्हा आणखी. उलटा दिला तसा ओसरला, आणि पडद्यावरच्या दोन वाटा शून्यावर येऊन बरोबर एकमेकींना भेटल्या. दुसरी पट्टी. तीच गाठ. तिसरी लावताना सर खुर्चीतून अर्धे उठले होते. तिसऱ्या पट्टीतही गाठ तिथंच बसली, आणि वीज काढून घेऊन, सगळ्यांचा चहा होऊन परत मोजलं, तेव्हाही पट्टीला आपली वाट आठवत होती.

"आधीपेक्षा काय बदललंत?" पुण्याच्या बाईंनी विचारलं.

"काही बदललं नाही मॅडम. तारेचं नटणं थांबवलं."

बाई हसल्या. सर हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "गॅस सेन्सरची फाइल कपाटात ठेवून दे." आणि जाता जाता त्यांनी त्या काळपट तारेवरून हळूच बोट फिरवलं.

शिवकुमार बाहेर गाड्यांच्या शेडखाली उभा होता. पाऊस केव्हाच संपला होता, उन्हाला दिवाळीचा वास होता. कडक इस्त्री, केसांना तेल. विद्याश्री पायऱ्या उतरून जवळजवळ पळतच आली.

"आला! तिन्हींत आला!"

त्याचा चेहरा असा उजळला, की तसली झिलई हुपरीत कुणाला जमायची नाही. मग त्यानं दोन्ही हात मागं बांधले, घसा खाकरला.

"विद्याश्री मॅडम, आपले अभिनंदन. मला आपल्याशी एका विषयावर… म्हणजे, आपल्या सहवासात मला असे प्रकर्षाने जाणवले की…"

"थांब," ती म्हणाली. 'थांबा' नाही, 'थांब.' त्याला ते कळलं, आणि तो थांबला.

"घासलेलं नको मला. जसं निघतंय तसं दे."

त्यानं बुटांकडं बघितलं. मग शेडच्या पत्र्याकडं. मग इलाज नाही म्हणून तिच्याकडं.

"मला… तू…"

"पुढं?"

"मला… तू… आवडतीस."

"परत म्हण."

"मला तू आवडतीस."

"परत."

"मला तू लई आवडतीस! त्या दिवशी गुजरीत 'मेंदूला पाहिजे' म्हणलीस तवापास्नं आवडतीस! काळपट तार हातात धरलीस तवा तर माझं काय हुईल असं झालतं! आता काय भोंगा लावून सांगू व्हय?"

भोंग्याची गरज नव्हती. व्हरांड्यातला तो आवाज शेवटी बाहेर आला होता, आणि तो वरच्या मजल्यापर्यंत पोचला. खिडकीतून हुस्नानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"झालं माझं," शिवकुमार म्हणाला. घाम पुसला. "आता तुझं काय ते सांग."

विद्याश्रीनं तोंड उघडलं. अर्ध्या तासापूर्वी कमिटीपुढं तिची जीभ एकदाही अडखळली नव्हती. आता तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मला… मला बी…"

शब्द अडले. चष्म्यावर वाफ धरली. शिवकुमार एक पाऊल पुढं आला आणि तिचं बोट त्यानं ओढणीतून हळूच सोडवलं.

"परत म्हण की," तो म्हणाला.

तिनं परत म्हटलं.